एक अक्षर कमी

बागेचं पाणी तोडून आज एकोणतीस दिवस.
संत्र्याची पानं कडेनं वळलेली, मलूल,
आणि जमीन अशी फाटलेली की चैतराम उईके
भेगेत तुराटी घालून खोली बघतो,
डॉक्टरनं जीभ बघावी तसा.

दादाला घाई झालीय.
रोज सकाळी विहिरीपर्यंत जातो
आणि स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहिलेलं वाचून परत येतो :
आज मोटर लावू नोका भाऊ थांबा अजून चार दिवस.

मला मोजायची खोड. मोजली.
एकवीस अक्षरं.

सहा वर्षं मी ज्यांच्या मागं आहे
ते साधारण बावीस अक्षरांचे. आरएनएचे तुकडे.
इतके आखूड की कित्येक वर्षं
कुणी त्यांच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.
त्यांच्यापासून काहीच बनत नाही, ना हाड, ना केस.
ते फक्त दुसऱ्याच्या निरोपावर जाऊन बसतात
आणि निरोप पोचत नाही.

"म्हंजे काम कोनतं करते थे?" चैतरामनं विचारलं.
"थांबवतात."
"त्याचा रोज भेटते त्यायले?"

मग सांगितलं.
की मेंदू आधी एक नळी असतो,
आत पाणी, कडेला पेशींची भिंत,
आणि भिंतीत एकच धोशा : दोन हो, दोन हो, दोन हो.
कुणी अडवलंच नाही तर भिंतच वाढत राहील,
आठवण ठेवणारं, भिणारं, हाक ओळखणारं
तिच्यातून कुणी निघणार नाही.
हे तुकडे तो धोशा दाबतात. एकदम नव्हे,
रेडिओचा आवाज कमी करावा तसा.
तेव्हा एखादी पेशी दुपटायचं सोडते,
भिंत सोडते,
शेजारणीच्या लांब धाग्याला धरून वर चढते
आणि जागा सापडली की हात फुटतात तिला.

चैतराम झाडाच्या बुडाकडं पाहत राहिला.
"मंग ताणच हाय थो," म्हणाला.
"पानी चालू ठेवलं तं झाड पाल्यावर जाते, बाई.
हिरवंगार दिसते, येनारा-जानारा वा वा करते,
पन फुलाची त्याले यादच येत नाई."

माशांच्या अंड्यांत मी हे उलटं पाहिलंय.
ते तुकडे कापणारी कात्रीच काढून घेतली,
तर डोकं वाढलं, पण आत घडी पडली नाही,
पीठ भिजवून कुणी उठून गेल्यासारखं.

हे सगळं पौर्णिमावहिनी ऐकत होती.
बाजेवर पाय घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. पाचवा महिना.
"माह्या पोटातबी चालू हाय का हे, आत्ता?"
आत्ता, म्हटलं. ही शेंग सोलून होईपर्यंत हजारो.
तिचा हात सुपात तसाच राहिला.
"मंग थांबवनारे बराबर थांबवत असतीन ना?"

मला माशांचं माहीत आहे, वहिनी.
असं म्हणाले नाही. शेंगा सोलू लागले.

एक गोष्ट चैतरामला सांगायची राहिली,
तो तोवर दुसऱ्या धुऱ्यावर गेला होता.
झाडाला ताण दरसाल बसतो. यंदा चुकला तर
पुढल्या बहाराला सुधारता येतो.
पेशीला एकदाच.
भिंत सोडलेली परत दुपटत नाही,
ऐंशी वर्षं तीच तेवढी, त्याच जागी,
आणि तिला थांबवलं कुणी, ते तिला ठाऊक नसतं.

ऊन कललं तेव्हा विहिरीवर गेले.
पेटी अजून तापलेली होती.
खडूचा तुकडा चैतराम वरच ठेवतो, लोखंडी झाकणाच्या खाचेत.
दिवस या शब्दापुढं
बोटभर जागा होती. तिथं मी लिहिलं
हं.